आधी कपाळ

"आधी कपाळ."

त्याच्या दुकानाच्या पायरीवर पाऊल टाकलं की हे दोन शब्द कानावर यायचे. या-बसा नाही, काय काम आहे नाही. फाटकी सीट खांद्यावर घेऊन आलेला माणूस पायरीवरच थबकायचा, मान खाली घालायचा, आणि हा आतून उलटा हात त्याच्या कपाळाला लावायचा. क्षणभर डोळे मिटायचा. मग निकाल द्यायचा, "ताप नाय. ये आत." हाताला जराशी कणकण लागलीच तर सीट बाहेरच्या बाहेर ठेवून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला परत पाठवायचा. "घरी जा रे बाबा, पडून राहा. सीट मी धाडून देतो."

शहापूरला एसटी स्टँडच्या मागे आमची गाळ्यांची ओळ आहे. डोळखांबकडची गाडी पकडायला तुम्ही कधी त्या अंगाला आला असाल, तर खाकी शर्टातले रिक्षावाले एका दुकानासमोर माना खाली घालून उभे असलेले तुम्ही नक्की पाहिले असतील. नव्या माणसाला वाटायचं, आत एखादा देव बसवलाय. देव कसला! फोमच्या ढिगाऱ्यात फतकल मारून बसलेला एक किडकिडीत बाप्या, दातात दोरा आणि हातात दाभण.

मी त्याच्या शेजारच्या गाळ्यात. लेडीज टेलर. तो सीटा शिवायचा, मी ब्लाउज. मधे एक भिंत, आणि भांडण रोजचं. नाव सांगत नाही त्याचं. त्याच्या पाटीवरही नव्हतं, नुसतं 'सीट कव्हर' लिहिलेलं होतं. आम्ही त्याला सीटवाला म्हणायचो. तो मला 'ताय' म्हणायचा आणि माझ्यावर चिडला की 'टेलरबाय'.

"तुझी शिलाई म्हणजे गोणीची शिलाई," मी चिडवायची.

"माझ्या शिलाईवर नवरा, बायको, दोन पोरं आनि गॅसचा सिलिंडर बसतो गो टेलरबाय. तुझी शिलाई नुसती शिंक आली तरी उसवते."

काम झालं की सीट गाडीवर चढवायचा आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "बसून बघ, मंग बोल." बसल्यावर कुणी बोलायचं नाही. काम तसंच होतं त्याचं, उगाच कशाला खोटं बोलू.

कपाळाचं वेड मात्र त्याला पहिल्यापासून नव्हतं. ते तनूमुळे लागलं.

तनू त्याची मुलगी. तिच्या आधी एक मुलगा झाला होता. चांगला चालता-बोलता, दुडदुडा पळणारा पोर. एका पावसाळ्यात त्याला ताप आला, साधा, सगळ्यांच्या पोरांना येतो तसा. ताप उतरला, पण पोर काही पहिल्यासारखं उठलं नाही. पाय गेले, मग गिळणं गेलं, मग पोर गेलं. पाड्यावर सगळे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलं. भगत झाला, नारळ झाले, कोंबडं झालं. त्याची बायको तेव्हापासून इस्पितळाचं नाव काढलं तरी थरथरायची.

मग तनू झाली. गोल चेहऱ्याची, वटवट करणारी. दुकानात आली की माझ्याकडच्या चिंध्या गोळा करायची आणि बापाला विचारायची, "ह्याचा काय शिवशील?" एकदा घरी कोंबडीच्या पिलांमागे धावताना ओट्यावरून पडली. ओटा म्हणजे केवढा, गुडघ्याएवढाही नाही. कपाळाला टेंगूळ आलं, रडली, गूळ खाऊन गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हा तिला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून माझ्याकडे घेऊन आला.

"ताय, पोरगी पाय टाकत नाय."

मी तिला खाली उभी केली. पाय थरथरले आणि ती मटकन बसली. वर माझ्याकडे बघून हसली, जसं काही तिनेच गंमत केली. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. त्याने हे आधी एकदा बघितलेलं होतं.

इथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. बायको येईना, म्हणून मी गेले. रिपोर्ट, रक्त, मशीनमधला फोटो, सगळं झाल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. पडद्यावर तनूच्या डोक्याचा फोटो होता. मला त्यातलं काही कळलं नाही. बाईंनी बोट ठेवून दाखवलं, की इथे जो भाग पांढरा असायला हवा तो विरत चाललाय, त्याच्या जागी पाणी भरतंय.

"मेंदूत दोन प्रकारच्या पेशी असतात," त्या म्हणाल्या. फार सावकाश बोलत होत्या. "एक निरोप नेणाऱ्या. पाय उचल, हात हलव, बोल, हे निरोप त्या नेतात. दुसऱ्या त्यांना सांभाळणाऱ्या. त्यांना ग्लिया म्हणतात. निरोपाच्या तारांवर पांढरं वेष्टण चढवायचं, ते टिकवायचं, सगळ्यांना लागेल ते पुरवायचं, ही ग्लियाची कामं. तनूच्या निरोप नेणाऱ्या पेशी मुळात चांगल्या आहेत. बिघाड आहे सांभाळणाऱ्यांमध्ये. त्या जन्मापासूनच कच्च्या आहेत."

तो पडद्याकडे टक लावून बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे वरचं रेक्झिन बरं हाय, आतला फोम विरतोय."

"तसंच काहीसं."

"मंग बाई, मी तेच तर करतो रोज. शिलाई उसवायची, विरलेला फोम काढायचा, नवा भरायचा, परत शिलाई मारायची." हे बोलताना तो खुर्चीत पुढे सरकला होता. त्याला खरंच वाटलं होतं, की रस्ता सापडला. "लागंल तो फोम आणतो मी. कुठनंबी आणतो."

बाई हसल्या नाहीत. त्यासाठी मी त्यांना अजून दुवा देते. त्या म्हणाल्या, "दादा, फोम भरणारे कारागीर म्हणजे याच पेशी. त्यांतल्या काही ताऱ्यांसारख्या दिसतात, त्या बाकीच्यांवर देखरेख करतात. हिच्यात त्याच नीट वाढल्या नाहीत. त्यामुळे वेष्टण करणाऱ्याही अर्धवट शिकलेल्या राहिल्या. बाहेरून फोम आणला तरी भरणार कोण? जगात शोध चालू आहे, याच पेशींवर चालू आहे. पण आज माझ्याकडे बरं करणारं औषध नाही."

तो मागे टेकला.

"मग आमी काय करायचा?"

"ताप येऊ द्यायचा नाही. आलाच तर लगेच उतरवायचा आणि इकडे आणायचं. डोक्याला मार लागू द्यायचा नाही. मोठा धसका बसू द्यायचा नाही. साधी माणसं हे सगळं सहज सोसतात. हिच्या या पेशींना तेवढा ताण झेपत नाही. प्रत्येक वेळी ती एक पायरी खाली उतरेल, आणि उतरलेली पायरी सहसा परत चढता येत नाही."

मग त्यांनी विचारलं, लग्न नात्यातलं का? हा चटकन म्हणाला, "हो तर. मामाचीच केली. मुरबाडकडची. पयला मान आमचाच." सांगताना त्याला सवयीचा अभिमान होता. आमच्याकडे भाचा असताना मामाने पोरगी बाहेर दिली तर मामाला लोक नावं ठेवतात. बाईंनी समजावलं, की हा आजार अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून येतो. ज्याच्याकडे अर्धा असतो त्याला काहीच होत नाही, त्याला तो कळतही नाही. दोघांचं घर मुळात एकच, म्हणून दोघांकडे तोच अर्धा आला असावा. आधीचा मुलगाही बहुतेक यानेच गेला. दोष कुणाचाच नाही. पुढच्या वेळी मात्र आधी तपासून घ्या.

"पुढची वेळ नाय, बाई," तो म्हणाला.

परतताना ओळखीच्या माणसाची गाडी होती. तनूचं डोकं मांडीवर घेऊन तो मागे बसला. दर गतिरोधकाला "हळू रे, हळू" एवढंच. आसनगावचा फाटा जवळ आला तेव्हा कुठे बोलला.

"ताय, कामकरी चांगले हायेत म्हणे. सांभाळणारे कच्चे."

"हो रे."

"मग भायेरचे सांभाळणारे पक्के पायजेत."

घरी बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे माझ्या बापाकडनं आलं म्हण की!" तो म्हणाला, "तुझा बाप म्हणजे माझा मामा. भांडू कुणाशी?" आणि भात वाढ म्हणाला.

त्यानंतर त्याने घराला सीट कव्हर घातलं. हसू नका, खरंच घातलं. डोळखांबच्या वाटेवर त्याचा पाडा, तिथे त्याचं दोन खोल्यांचं कौलारू घर. दाराची चौकट मरून रेक्झिनने मढवली, आत जाड फोम. ओट्याच्या कडेला रिक्षाचं काळं. पाण्याच्या टाकीला पोपटी. जात्याला, चुलीच्या ओट्याला, गोठ्याच्या खांबाला, जे उरलं असेल त्या रंगाचं. तुळशीवृंदावनसुद्धा सोडलं नाही. निळं रेक्झिन चढवलं आणि दिव्याच्या कोनाड्यासमोर चेन लावली. संध्याकाळी त्याची बायको चेन उघडून दिवा लावायची. लांबलांबून लोक बघायला यायचे. तो म्हणायचा, "बघता काय? टेकून बघा, मंग बोला."

तनूसाठी टोपी केली. आत फोम, वर मी कापड लावायचे. फ्रॉक शिवला की त्याच कापडाची टोपी. झालर हवीच म्हणून तनू हटून बसायची. झालर पाडायला मी मशीन चालवत असले की हा मागून नाक खुपसायचा, "टाका बारीक घाल गो, तिच्या कानाला टोचंल." मी म्हणायची, "मला शिकवतोस? जा, गोणी शीव." पण टाका बारीक घालायचे.

फ्लूची सुई दर वर्षी घ्या, असं बाईंनी तनूच्या घरच्यांना सांगितलं होतं. याने घरच्यांची व्याख्या वाढवून अख्खी गाळ्यांची ओळ त्यात बसवली. मला, शेजारच्या सलूनवाल्याला, समोरच्या रसवंतीवाल्याला ओढत घेऊन गेला. सलूनवाला सुईला भितो. त्याचा हात याने धरून ठेवला आणि म्हणाला, "लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतोस आनि एवढ्याशा सुईला मरतोस?" दिवाळीत ओळीतल्या एकाही दुकानासमोर फटाका वाजला नाही. नुसती फुलबाजी. पोरं कुरकुरली, पण कुणी मोडलं नाही.

त्याच्या सासऱ्याला, म्हणजे मामालाच, त्याने एकदा अंगणात बसवलं होतं. म्हातारा मुरबाडहून नातीला बघायला आलेला, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. याने कपाळ बघितलं. ताप होता थोडा. तर म्हाताऱ्याला आंब्याखाली बाज टाकून दिली, पान तिथेच वाढलं. म्हातारा तणतणला, "जावई असून मला भायेर बसवतोस?" हा म्हणाला, "जावई म्हणून नाय, भाचा म्हणून सांगतो. मामा, तू भायेर बस." नियम एकच होता, आणि तो सगळ्यांना होता. ताप आलेला माणूस ताप उतरेपर्यंत उंबऱ्याच्या आत येणार नाही. म्हातारा रागावून संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पण तसाही आजाराचं कळल्यापासून तो तनूच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. आपल्या घरातून आपण पोरीच्या पदरात काय बांधून दिलं, हे त्याला पोखरत होतं.

एवढं सांभाळूनही एका थंडीत तनूला ताप आलाच. कुठून आला देव जाणे. उतरवला, मुंबईला नेली, वाचली. पण पायरी उतरली. बोलणं जड झालं, हात थरथरायला लागले. बसती राहिली तेवढी. डोकं मात्र तल्लख, अगदी पहिल्यासारखं. याने तिच्यासाठी एक खुर्ची केली. मी आयुष्यात तसली खुर्ची बघितली नाही. मानेला आधार, दोन्ही कुशींना उश्या, पायांना खोबण. आठवडाभर दुसरं काम हातात घेतलं नाही. तिला त्यात ठेवली आणि समोर उकिडवा बसला. या वेळी "बसून बघ, मंग बोल" म्हणाला नाही. नुसताच बघत राहिला. तनू म्हणाली, "मऊ हाय, बाबा." त्याने तोंड फिरवलं आणि उगाचच दोरा शोधायला लागला.

ती खुर्ची दुकानात दाराशी असायची. आणि मग गंमत अशी झाली, की कपाळं तनूच बघायला लागली. गिऱ्हाईक आलं की वाकून तिच्यासमोर डोकं आणायचं. ती उलटा हात उचलायची. हात हलायचा, कधी नाकाला लागायचा, कधी कानाला. बाप मदतीला गेला की ओरडायची, "तू नाय!" हात कपाळावर पोचला की डोळे मिटायची, थेट बापासारखे, आणि जड जिभेने म्हणायची, "ताप नाय. ये आत." मिशावाले, दांडगे रिक्षावाले तिच्यापुढे गुडघ्यावर बसायचे. एखाद्याच्या डोळ्यात पाणी यायचं, तर हा दमात घ्यायचा, "रडू नको रे. सर्दी वाटते तिला."

आता पुढचं सांगायला जीभ वळत नाही. पण सांगते.

भात पिवळं पडायला लागलं की आमच्याकडे राखण सुरू होते. रानडुकरं एका रात्रीत उभं शेत आडवं करतात. म्हणून पाड्यातला प्रत्येक घरचा बाप्या शेतात चार खांबांवर माळा बांधून तिथेच मुक्काम करतो, डबे वाजवतो. त्या दिवसांत कुणी कुठे दिसला नाही तर कुणी विचारत नाही. राखणीला गेला असेल, हे ठरलेलंच.

त्याचा मला फोन आला. "ताय, राखणीला बसलोय. डुकरं लय मातलीत. गिऱ्हाइकांना सांग."

"आवाज का बसलाय तुझा?"

"वरडून वरडून. डुकरांना काय गानं म्हणून हाकलू?"

मी हसले आणि फोन ठेवला.

बायकोला त्याने थोडं खरं सांगितलं होतं. कणकण आहे, उतरली की येतो. ती भाकरीचा डबा घेऊन गेली की हा माळ्यावरून हात करायचा, "बांधावर ठेव. पुढं येऊ नको." ती म्हणाली, डॉक्टरकडे चल. हा म्हणाला, गोळी घेतलीय. ती म्हणाली, घरी तरी चल. हा म्हणाला, "तनू हाय घरी." ती डबा बांधावर ठेवून मागे फिरली. नियम त्याचाच होता आणि तिनेही तो इतकी वर्षं जिवापाड पाळला होता.

मग एका दुपारी आदल्या दिवसाचा डबा तसाच बांधावर होता, मुंग्या लागलेला. ती नियम मोडून धावत माळ्यावर चढली. आणि तिने मला फोन केला.

मी शटर अर्धवट टाकून स्टँडवर ओरडत गेले. एक रिक्षा मागितली, मागे पाच-सहा निघाल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्याला त्यानेच शिवलेल्या सीटवर ठेवला, डोकं माझ्या मांडीवर. माझा हात आपोआप उलटा झाला आणि त्याच्या कपाळावर गेला. चटका बसला. इतकी वर्षं याने गावाची कपाळं बघितली, आणि याचं बघणारा पहिला हात तो माझा. त्याने डोळे किलकिले केले. मला वाटलं काहीतरी सांगेल, तनूचं, बायकोचं.

"हात धू, ताय," तो म्हणाला. "दुकानात तनूला घेशील."

त्यानंतर तो काही बोलला नाही. शहापूरहून ठाण्याला हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लेप्टो. शेतातल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, पायाच्या चिरेतून, हाताच्या जखमेतून शिरतं. याच्या हातांना दाभणाची भोकं कायमचीच. मी विचारलं, घरी राहिला असता तर त्याच्या पोरीला लागलं असतं का? डॉक्टर म्हणाले, नाही हो, हा ताप माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. वेळेवर आला असता तर गोळ्यांवर बरा झाला असता.

ऐकलंत? लागणाराच नव्हता. घरात, त्या मऊ चौकटीच्या आत, बायकोच्या हातची पेज पीत तो पडून राहिला असता तरी तनूच्या केसाला धक्का लागला नसता. मला अजून राग येतो त्याचा. मेल्या, एक फोन तर केला होतास, तेव्हा खरं बोलायला काय झालं होतं? डुकरं कसली सांगतोस? ब्लाउजला हुक लावताना मधेच मी मोठ्याने त्याला शिव्या देते. गिऱ्हाईक बायका दचकतात.

तनू आहे. त्याचा गाळा आता दुसऱ्या कुणीतरी घेतला, मोबाईलची कव्हरं विकतो. तनूची खुर्ची माझ्या गाळ्यात आहे. तिची आई माझ्याकडे हातशिलाई करते. तनू बापामागे आणखी एक पायरी उतरली. आता बोलत नाही, नुसती डोळ्यांनी सांगते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी दारातच म्हणते, आधी कपाळ. कुणी नाक मुरडत नाही.

पण तेव्हा ती बोलत होती. आणि त्याला ठाण्याहून घरी आणला, त्या दुपारचं मला सांगायचं आहे.

मी पुढे निघून आले होते. त्याला आणणारी गाडी पाड्यावर यायच्या आधी प्रश्न पडला, तनूचं काय करायचं. डॉक्टरीणबाईंनी धसक्याचं बजावलेलं होतं. बायका म्हणाल्या, पोरीला पलीकडच्या पाड्यावर न्या, काही दिवस बाप राखणीलाच आहे म्हणून सांगा. मलाही तेच बरं वाटलं. तिची आई म्हणाली, "नाय. बाप हाय तिचा. बघंल ती." मग ती अंगणात उभी राहिली, जमलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "कुणी हंबरडा फोडायचा नाय. ज्याला रडायचंय त्यानं नदीवर जायाचा."

आणि मंडळी, कुणी आवाज काढला नाही. आमच्याकडे मयताला बायका गळा काढून रडतात, तीन पाड्यांना ऐकू जातं. त्या दिवशी बायका तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. बाप्ये माना खाली घालून. गाडीतून त्याला उतरवला तेव्हा पायांखालचा पाचोळा तेवढा वाजला.

त्याला आंब्याखाली ठेवायला लागले. आमच्याकडे घराबाहेर मेलेल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. रीतच आहे. जमलेल्यांत वयाने मोठा मामाच होता, मुरबाडहून आलेला. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "इथंच ठेवा. भायेर गेलेला आत न्यायचा नाय."

तनू दारात, दुकानातून घरी आणलेल्या खुर्चीवर होती. झालरीची टोपी घालून. सगळं बघत होती.

"बाबाला भायेर का ठेवलाय?" तिने विचारलं.

बायकांनी तोंडं फिरवली.

"ताप हाय त्याला?"

तिची आई पुढे झाली. तिने पोरीला खुर्चीतून उचलली, आंब्याखाली नेली आणि त्याच्या उशाशी मांडीवर घेऊन बसली. तनूने हात उचलला. तो हलत होता. एकदा त्याच्या गालाला लागला, एकदा कानाला. आईने मनगट धरायला हात पुढे केला, तर तनूने मान हलवली. मग उलटा हात कपाळावर पोचला. तिने डोळे मिटले. मिटूनच राहिली. इतका वेळ तिने कुणाचंच कपाळ बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता हिला कळलं. आता काय होतंय कुणास ठाऊक.

तिने डोळे उघडले आणि सरळ मामाकडे बघितलं. जो म्हातारा तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता, त्याच्याकडे.

"ताप नाय," ती म्हणाली. एकेक अक्षर ओढून काढत म्हणाली. "बाबाला आत घ्या."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, खिशात घातली, आणि खाली वाकून भाच्याच्या खांद्यांखाली हात घातले.

"धरा रे," तो म्हणाला.

रिक्षावाल्यांनी कमरेला आणि पायांना धरलं. मी पुढे होऊन खुर्ची बाजूला केली. दार अरुंद, माणसं जास्त. उंबरा ओलांडताना त्याचं डोकं चौकटीला लागलं. आम्ही सगळे दचकलो. पण आवाज आला नाही. तिथे त्याने जाड फोम घातला होता.